अठ्ठावीस दातांचा पुरावा

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आजवर ज्यांना ही हकिकत सांगितली त्यांतले निम्मे मधूनच उठून गेले आणि उरलेले निम्मे हसता हसता खुर्चीवरून पडले. तरी सांगतो, कारण ती खरी आहे. जवळजवळ.

एक होती मावशी. साऱ्या गावाची मावशी, सख्खी मात्र एकाच भाचीची. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती, तिथे ती कवळ्या करायची. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचा, पुढचं सगळं मावशीच्या बाकावर. मापात प्लास्टर ओतून जबडा उभा करायचा, गुलाबी मेणात एकेक दात मांडायचा, घासायचं, पुन्हा घासायचं. तिच्या हातचं काम असं, की एका म्हाताऱ्या सुताराने तिच्या कवळीने फळीत अडकलेला खिळा उपटला होता. एका शिंप्याची कवळी तर तो झोपला की पेल्यात पडल्या पडल्या जांभया द्यायची. खोलीच्या तिन्ही भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर गावातल्या चारशे माणसांचे पांढरेशुभ्र जबडे. मावशीला चेहरे लक्षात राहत नसत. रस्त्यात कोणी "ओळखलंत का मावशी?" म्हटलं, की ती म्हणायची, "जरा आ कर बघू."

भाची शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिच्या पुस्तकातला अकरावा धडा होता उत्क्रांतीचा. सजीव एकदम घडले नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या बदलत आले, असा तो धडा. शाळेच्या समितीतल्या काही मंडळींच्या तो डोळ्यांत खुपत होता. देवाने माणूस घडवला असं आम्ही घरी सांगायचं आणि बाईंनी वर्गात आमच्या पोरांना माकडाच्या भावकीत बसवायचं, हे काय, असं त्यांचं म्हणणं. समितीचा अध्यक्ष मऊ माणूस. त्याला कोणाशीच वाईटपणा नको. त्याने तोड काढली ती अशी: रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहात जाहीर वाद. एका बाजूला बुवा, दुसऱ्या बाजूला भाची. शेवटी सभेचे हात मोजायचे. भाची हरली, तर सगळ्या पुस्तकांत अकराव्या धड्याची एकोणीस पानं डिंकाने एकमेकांना चिकटवायची आणि भाचीने दुसरी नोकरी बघायची. डिंकाच्या बाटल्यासुद्धा आणून ठेवल्या होत्या. मऊ माणसं तयारी मात्र कडक करतात.

बुवा म्हणजे गावातले प्रवचनकार. मनाने स्वच्छ आणि वाणी अशी, की ते बोलायला लागले की गळके नळ ऐकायला थांबत. अशा माणसाशी वाद घालायचा म्हणून भाचीची भूक उडाली होती.

आणि गुरुवारी सकाळी हेच बुवा रुमालात काहीतरी गुंडाळून मावशीच्या दारात उभे.

"खालची कवळी," ते ओठ आत ओढून कसंबसं म्हणाले, "बेसिनमध्ये पडली. दोन तुकडे."

मावशीने तुकडे उजेडात धरले. "सांधता येईल, पण सांधलेल्या कवळीवर तुम्ही दोन तास बोलणार म्हणजे पुन्हा तुटणार. आणि वरचीही झिजलीच आहे. दोन्ही नव्या करू."

"रविवारच्या आत?"

"रविवारी माझ्याच भाचीला धारेवर धरायचंय ना तुम्हाला?"

बुवा ओशाळले. "तुम्ही नाही म्हणालात तर मी समजू शकतो."

"बसा तिथे," मावशी म्हणाली. "आणि तोंड उघडा. बोलायला नव्हे, मापाला."

ही बातमी भाचीला कळायला किती वेळ लागणार? शाळा सुटल्या सुटल्या ती हजर. गालाखाली जरा सूज होती, बोलताना ती त्यावर हात धरत होती, पण त्या दिवशी तिकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

"मावशी, त्यांची कवळी केसाइतकी उंच ठेव. फक्त केसाइतकी. 'स' म्हणताना शिट्टी वाजली की संपलं त्यांचं प्रवचन."

"ठेवते की. आणि माझ्या खोलीबाहेर पाटी लाव, इथे भांडण बघून दात बसवले जातात."

"माझी नोकरी जाईल गं. नोकरीचंही सोड. पोरांच्या पुस्तकात पानं चिकटवणार आहेत ते."

मावशीने हातातला मेणाचा चाकू दिव्यावर धरला, पुसला, परत धरला. खरं सांगायचं तर मोह तिलाही झाला. तीस वर्षं कवळ्या करणाऱ्या बाईला केसाइतकं म्हणजे किती ते बरोबर माहीत असतं. पण तिच्या हाताला ते जमेना. दोनदा तिने डावी दाढ मुद्दाम वर बसवली आणि दोन्ही वेळा, तिचं लक्ष नसताना, बोटांनी ती परत खाली नेऊन ठेवली.

"हे हात माझं ऐकत नाहीत," ती म्हणाली. "तू तुझा धडा नीट सांग. मी माझं काम नीट करते."

शनिवारी संध्याकाळी कवळी तयार झाली. मावशीने बुवांच्या दातांमध्ये निळा कागद धरून चावायला लावलं, डाग कुठे उमटतात ते बघून तीनदा घासली. बुवांनी आरशासमोर दोन वाक्यं म्हणून पाहिली. ती इतकी सुरेख उमटली की डॉक्टर बाहेरचा रुग्ण सोडून आत ऐकायला आला.

आणि तो बाहेरच्या खुर्चीत आ करून पडलेला रुग्ण म्हणजे भाचीच. ती गालाखालची सूज म्हणजे अक्कलदाढ. हाडात आडवी रुतलेली, पुढच्या दाढेला ढुश्या देत. डॉक्टरने कापून काढली, टाके घातले आणि तोंडात कापूस कोंबून सांगितलं, "चार दिवस बोलणं बंद."

रविवारी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. भाची पहिल्या रांगेत फुगलेला गाल घेऊन बसली, हातात पाटी. तिच्याऐवजी मावशी बोलणार, हे अध्यक्षाने जाहीर केलं तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "झालं. आता सगळ्यांना आ करायला लावणार." सभा हसली. मावशीच्या हातात भाचीने लिहून दिलेले अकरा कागद होते आणि त्या कागदांवरचे शब्द असे, की वाचतानाच जीभ मुरगळावी.

आधी बुवा बोलले. काय बोलले म्हणून सांगू. पाऊण तास सभेला श्वास घ्यायची आठवण राहिली नाही. डोळा बघा, म्हणाले, हात बघा. साधी खुर्ची आपोआप होत नाही, मग हे आपोआप झालं? आणि मग त्यांना सुचलं ते भल्याभल्यांना सुचलं नसतं. त्यांनी तोंडात हात घालून कवळी काढली आणि सभेसमोर उंच धरली. पुढचं वाक्य तयार होतं, पण ते म्हणायला दात लागतात, हे त्या भरात ते विसरले. नुसता वारा आला. सभेत खसखस पिकली. बुवाही हसले, त्यांनी कवळी परत बसवली आणि शांतपणे म्हणाले, "ही आपोआप झाली का? दात स्वतः चालत येऊन ओळीत उभे राहिले का? ही करणारी बाई इथे समोर बसली आहे. कवळीला कर्ता लागतो, मग खऱ्या दातांना नको?"

टाळ्या अशा पडल्या की डिंकाच्या बाटल्या टेबलावर नाचल्या. भाचीने पाटी पालथी घातली.

मावशी उठली. पहिला कागद वाचायला घेतला. दोन ओळींनंतर तिने तो घडी करून कनवटीला लावला, बाकीचे दहा खुर्चीवर ठेवले.

"बुवा," ती म्हणाली, "कवळी मी केली, हे खरं. किती दात आहेत तिच्यात?"

बुवांनी जिभेने मोजले. सभेने वाट पाहिली. "अठ्ठावीस."

"वर चौदा, खाली चौदा. तुम्ही मोठे आहात म्हणून एक जास्त नाही की ओळखीचे म्हणून दोन जास्त नाहीत. जागा मोजली, मावतील तेवढे बसवले. देवाने किती दिले होते तुम्हाला?"

"बत्तीस."

"त्यांतले शेवटचे चार कसे होते?"

बुवांचा हात आपोआप गालाकडे गेला. "फार छळलं त्यांनी. चारही काढावे लागले."

"इथे आणखी कोणाकोणाला अक्कलदाढेने रडवलंय? हात वर करा."

आधी भाचीचा हात वर गेला. मग बघता बघता सभागृहात हातांचं रान उगवलं. अध्यक्षाने एक हात वर केला आणि दुसऱ्याने गाल धरला. बुवा खरे माणूस, त्यांनीही केला.

"आता माझ्या बाकावरची गोष्ट सांगते," मावशी म्हणाली. "माझ्याकडे दोन तऱ्हेची कामं येतात. एक नवं काम. कोऱ्या मापावर, कोऱ्या मेणात. त्यात एक दात जास्त नसतो, एक कमी नसतो. दुसरं काम म्हणजे जुन्याची डागडुजी. एक चिकट गिऱ्हाईक आजोबांची कवळी घेऊन आलं होतं, म्हणे मलाच बसवून द्या, वाया कशाला घालवायची. मी घासली, कापली, बसवली. चालली. पण ती बघितली की कोणीही सांगेल की ही मुळात दुसऱ्या तोंडाची. नसलेल्या दाताला धरायची तार तशीच राहिलेली, मागे भलतीच दाटी. तर बुवा, तुम्हीच सांगा. आपल्या तोंडातलं हे काम पहिल्या तऱ्हेचं की दुसऱ्या?"

बुवा म्हणाले, "कर्त्याने चार जास्तीचे दिले असतील. अडीनडीला."

"सुटे भाग डब्यात ठेवतात, बुवा. शेवटच्या दाढेमागे हाडात आडवे गाडून ठेवत नाहीत."

हसण्याचा लोंढा दारातून बाहेर गेला आणि रस्त्यावरच्या लोकांना हसवून परत आला. मावशी थांबली नाही. "फार जुन्या काळी आपल्या पूर्वजांचे जबडे मोठे होते, त्यांत ते चार मावत. जबडे लहान होत आले. पण नवं माप कोणी घेतलंच नाही, मागच्याचंच थोडं थोडं बदलत इथवर आलं. या मुलीचा अकरावा धडा एवढंच सांगतो. देव आहे की नाही, ते माझ्या बाकावरचं काम नाही. पण हे तोंड कोऱ्या मेणात मांडलेलं नाही, हे मी तीस वर्षांच्या हातांनी सांगते. आणि ज्या पानांवर हे लिहिलंय ती चिकटवली, म्हणून कोणाची दाढ सरळ उगवणार नाही."

बुवा उभे राहिले. "मावशी," ते म्हणाले, "मनात आणलं असतं तर आज तुम्ही मला तोतरा करू शकला असता. ते केलं नाहीत. म्हणून तुम्ही जे सांगताय ते मला ऐकलंच पाहिजे. काम दुसऱ्या तऱ्हेचं आहे. ते काम देवाने कसं करवून घेतलं, ते मी घरी जाऊन त्यालाच विचारीन. धडा राहू द्या."

अध्यक्ष घाईघाईने म्हणाला, "दाढेवाल्यांनी हात खाली घ्या, आता मतं मोजायची आहेत. धडा राहावा असं ज्यांना वाटतं त्यांनीच हात वर ठेवा."

एकही हात खाली आला नाही. उलट, ज्यांना दाढ आलीच नव्हती त्यांचेही वर गेले. बुवांनी डिंकाच्या बाटल्या पिशवीत भरल्या. त्यांच्या पोथीची बांधणी सुटली होती, तिला लागणार होत्या. भाचीने पाटीवर 'उद्या पहिला तास, धडा अकरा' असं लिहिलं, पाटी डोक्यावर धरली आणि टाके विसरून हसली. मावशीने तिला तिथल्या तिथे दम दिला, "तोंड मिट, गधडे, टाके उसवतील," आणि मग स्वतःच पदराने डोळे पुसले. टाळ्यांचा कडकडाट दोन गल्ल्या ओलांडून मावशीच्या खोलीत पोचला. तिथे फळ्यांवरचे चारशे जबडे कडाकडा वाजायला लागले आणि संध्याकाळपर्यंत थांबेनात.

आणि खरा चमत्कार पुढेच आहे. मावशीचं ते भाषण गावातल्या झाडून साऱ्या जबड्यांनी असं मनावर घेतलं, की त्या रविवारनंतर त्या गावात जन्मलेल्या एकाही लेकराला अक्कलदाढ म्हणून आली नाही. सगळ्यांना मोजून अठ्ठावीस...

"खोटं."

ऐकणाऱ्यांत एक नर्स बसली होती. हाताची घडी, मान ताठ.

"बाकीचं मी चालवून घेतलं. खिळा, जांभया, सगळं. पण हे साफ खोटं. भाषण ऐकून जबडा बदलत नसतो. कोणीच ठरवून बदलत नाही. एखाद्याला मुळातच अक्कलदाढ येत नाही, त्याची पोरंबाळं जास्त तगली तर कुठे, आणि तेही हजारो पिढ्यांनी. त्याच शाळेत शिकलेय मी. अकरावा धडा, त्याचं सातवं पान."