सत्तावन्न नंबर

विद्यापीठाच्या तळघरातून कंपनी भाड्याच्या दोन खोल्यांत आली, तेव्हा माणसं तीनच होती. सर, त्यांची जुनी विद्यार्थिनी आणि उंदरांची देखभाल करणारे काका. विद्यार्थिनीला सगळे ताई म्हणत. कॅन्सरवरचं सत्तावन्न नंबरचं औषध तिचं. आठ वर्षं खपून तिनं ते बनवलं होतं आणि त्याच्याच जिवावर कंपनी उभी होती. दीड वर्षात तिघांची अठरा माणसं झाली. बसायला खुर्ची मिळवायची तर लवकर यावं लागे.

एका मंगळवारी काकांनी तिला हाक मारली.

"ताई, गाठी विरल्यात. पण उंदीर मलूल पडलेत बघा."

तिनं यकृताचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशी मेल्या होत्या. डोस कमी करून तीन आठवडे पुन्हा सगळं केलं. तेच.

ती सरांकडे गेली. "सर, सत्तावन्न यकृत खातंय."

सरांनी चष्मा काढून पुसला. "नक्की?"

"नक्की."

"मग ती नवी पोरगी आलीय ना, तिचं एकोणऐंशी नंबरचं औषध पुढे नेऊ. सगळ्यांना तू सांगशील?"

"सांगते."

दहा मिनिटांत सांगून झालं. तिला वाटलं होतं, रडू फुटेल. फुटलं नाही. दुपारी तिनं फ्रीजरमधल्या एकेका बाटलीवर 'बंद' अशी चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठ्या सरळ लागल्यात ना, तेही पाहिलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. "मावशी केमो घेऊन आली. विचारत होती गं, तुझं औषध कधी येतंय?"

"येणार नाही."

"म्हणजे उशीर होणार?"

"नाही आई. बाद झालं ते."

आई हळूच म्हणाली, "तिला काय सांगू?"

"मी सांगते."

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. "अगं, मी काय त्याच्यावर डोळे लावून बसले होते? उगीच आपलं विचारलं. तू जेवलीस का?"

"हो," ती म्हणाली. जेवली नव्हती.

दोन वर्षांनी एकोणऐंशी नंबर पहिल्या रुग्णाला दिला गेला. मावशी तोवर राहिली नव्हती. ऑफिसात टाळ्या झाल्या, तिनंही वाजवल्या. नव्या पोरीनं धावत येऊन मिठी मारली, तेव्हा हिचे हात नुसतेच लोंबत राहिले. कुणीतरी तिला विचारलं, एकोणऐंशीच्या पुढच्या खेपेची भुकटी कधी बनवून देशील?

"गुरुवारी," ती म्हणाली. आणि गुरुवारी दिली.