आधी फडकं, मग मशीन

“दाबा! अजून दाबा! पायात जीव नाही का तुमच्या?”

बसच्या मागून काकूंचा आवाज आला आणि ड्रायव्हरने नाइलाजाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. बसवर हिरवी पानं रंगवलेली होती आणि त्यांच्या मधोमध हातभर अक्षरांत ‘धूर थांबवा’. खालून मात्र असा काळा लोट निघाला, की रांगेतल्या टेम्पोवाल्याने शर्टाची बाही नाकाला लावली.

धूर तपासणीची ही टपरी काकू एकोणीस वर्षं चालवत होत्या. मशीनची नळी गाडीच्या पाइपात घालण्याआधी त्या जुन्या चादरीचं पांढरं फडकं पाइपापासून वीतभर अंतरावर धरत. नळी अर्धीच घातली की मशीन हवं ते सांगतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सुरुवातीच्या दिवसांत एका शाळेच्या बसला त्यांनी तसंच पास केलं होतं. दुसऱ्या दिवशी ती बस शाळेच्या फाटकापाशी दिसली आणि नाक दाबून उतरणारी पोरंही. तेव्हापासून आधी फडकं, मग मशीन.

आजचं फडकं काळंकुट्ट झालं. मशीननेही तेच सांगितलं.

बसमधून परिवहन खात्याचे साहेब उतरले. धूर सोडणाऱ्या गाड्यांना एक तारखेपासून शहरात बंदी होती आणि हे नवं धोरण लोकांना समजावत ही बस गल्लोगल्ली फिरणार होती. अकरा वाजता उद्घाटन होतं.

“काकू, प्रमाणपत्र द्या लवकर.”

“नापास आहे, साहेब.”

“अहो, खात्याची गाडी आहे ही!”

“असू दे की. धूर सगळ्यांच्याच नाकात जातो.”

साहेब कसनुसं हसले. जवळ येऊन आवाज उतरवून म्हणाले, “नळी जरा अलीकडे धरा ना. तुम्हाला काय शिकवायचं? आणि तुमच्या परवान्याचं नूतनीकरण माझ्याच टेबलावर आहे, बरं का.”

 काकूंना घरी गुडघे धरून बसलेल्या नवऱ्याने सकाळीच बजावलं होतं, “हा आठवडा तेवढा तोंडाला कुलूप लाव, बाई.” घर याच टपरीवर चालत होतं. त्यांनी रांगेकडे पाहिलं. टेम्पोवाल्याला त्यांनीच गेल्या आठवड्यात परत पाठवलं होतं. आठ दिवस धंदा बुडवून, इंजिन दुरुस्त करून बिचारा आज पुन्हा उभा होता. तो नुसता बघत राहिला. ते बघणंच काकूंना झोंबलं.

“धोरण चांगलंय, साहेब. मला मनापासून पटलंय,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “म्हणून तर ह्या टेम्पोवाल्याला परत पाठवलं. आता तुम्हाला सोडलं, तर उद्या कुठल्या तोंडाने कुणाला अडवू? इंजिनाचं काम करून या. दहा मिनिटांत कागद देते.”

“परवाना जाईल तुमचा.”

“जाऊ दे. तुमच्याच टेबलावर आहे ना? राहू दे तिथंच.”

त्यांनी नापासाच्या कागदावर सही ठोकली, काळं फडकं त्याला टाचणीने टोचलं आणि दोन्ही गोष्टी साहेबांच्या हातात दिल्या. साहेबांच्या पांढऱ्या बाहीला काजळी लागली. ते रागाने फोन लावतच बसमध्ये चढले.

टेम्पोची पाळी आली तेव्हा खात्याशी जोडलेल्या मशीनच्या पडद्यावर ‘परवाना स्थगित’ अशी लाल अक्षरं उमटली होती. काकूंनी दोनदा बटण दाबून पाहिलं. 

“पलीकडच्या चौकात जा हो,” त्या म्हणाल्या. “तिथं मिळेल कागद. माझ्याकडचा आता चालायचा नाही.”

“तो नंतर घेईन,” टेम्पोवाला म्हणाला. “आधी तुम्ही बघा.”

काकूंनी पदर खोचला, खणातलं स्वच्छ फडकं काढलं आणि पाइपामागे उकिडव्या बसल्या.

“दाबा!”

इंजिन भरून गरजलं. फडक्यावर नखाएवढा पिवळट डाग पडला, बस्स. टेम्पोवाल्याने ते त्यांच्या हातून घेतलं, नीट चौकोनी घडी घातली आणि समोरच्या काचेत, प्रमाणपत्र लावायच्या जागी खोचलं.