तहानेचा ढीग

तीनशे वर्षांपूर्वी आमच्या घळीत मोठी लढाई झाली. राजे कोण, हरलं कोण, ते गॉलवेच्या शाळांत शिकवतात. घरात शिकवलं जातं ते वेगळंच. एक जखमी शिपाई आमच्या दारी पाणी मागायला आला आणि आमच्या घरच्या तेव्हाच्या बाईनं भीतीपोटी दाराला आडणा घातला. तो घळीत जाऊन मेला. तेव्हापासून आमच्या घरची बाई रविवारी चर्चला जाताना तिथं एक दगड ठेवते. ढीग माणसाएवढा झाला, की त्याची तहान भागली असं समजायचं.

*दार लाविले, घोट ना दिला,*
*तहान उशाला घेऊन निजला.*

साबिनामावशी साठ वर्षं हे पुटपुटत दगड ठेवत आलीय. ढीग तिच्या कपाळापर्यंत आला होता.

यंदाच्या ओल्या शरदात माझ्या गायी फाटकातल्या चिखलात पोटापर्यंत रुतू लागल्या. घळ जवळ, दगड तयार. एका सकाळी मी ट्रॉली भरली. कळू नये म्हणून मागच्या बाजूनं काढले. रविवारपर्यंत ढीग तिच्या छातीपर्यंत खाली बसला.

मावशीनं हातातला दगड पिशवीत परत ठेवला. "मलाकी, तो शिपाई दगड परत करायला लागला रे."

"पावसानं खचलं असेल, मावशी."

"तीनशे वर्षं पाऊस काय कोरडा पडत होता?"

तिनं चहा सोडला. पाणीही ओठ ओले करण्यापुरतं. म्हणे, त्यानं नाकारलं, आता मला घोट उतरत नाही. तिसऱ्या दिवशी मी टोपी काढून तिच्या चुलीपाशी बसलो.

"दगड मी नेले. फाटकात घातले."

तिनं मान वर केली. "म्हणजे तो रागावला नाही?"

"नाही."

"मग पाणी दे." पेला रिकामा करून ती म्हणाली, "रागावलेय ती मी. गायींचे पाय कोरडे झाले ना?"

"झाले."

"आता तुझे ओले होऊ देत."

"आजच ट्रॉली लावतो."

"ट्रॉली नाही. रविवारी एक. हातानं."

"अगं, मग तुझ्या हयातीत..."

"ते ट्रॉली भरताना मोजायचं होतंस."

आता दर रविवारी मी फाटकातून एक दगड उपसतो, कोटाला पुसतो, ठेवतो. माझ्यामागून मावशी आपला ठेवते. ढीग अजून तिच्या हनुवटीखालीच आहे. गेल्या रविवारी वाकताना तिनं माझा खांदा धरला. तिचा भार जेमतेम एका दगडाएवढा.