सांध्यातला एक थेंब

मित्रांनो, मिटलो की मुठीत मावेन असा मी एक जुना घडीचा चाकू आहे. पाते पोलादाचे, मूठ लाकडाची आणि दोघांना जोडणारी एक बारीक खीळ. एका लोहाराने मला भट्टीत तापवून पाणी पाजले, सहाणेवर धार लावली आणि पोत्याला पुसून म्हटले, "जा, आता कमावून खा."

रोपवाटिका चालवणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतले. माझे काम डोळे भरण्याचे. चांगल्या झाडाच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटण्याची जागा, सालीसकट अलगद उचलायचा, दुसऱ्या रोपाच्या सालीत चीर पाडून तिथे बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. त्याने जीव धरला, की त्यातून नवे झाड उभे राहते. दुपारी बाई याच पात्याने फळही कापत. त्यांचा हात इतका हलका, की लोक म्हणत, "हिनं काठी रोवली तरी पालवी फुटेल." त्या कौतुकात माझाही वाटा आहे, असे मी मनातल्या मनात धरून चालत असे.

पण कौतुकाने गंज थांबत नाही. चीक, ओल, माती, सगळे माझ्या सांध्यात जाऊन बसले. पात्यावर तांबूस ठिपके उमटले. एके सकाळी मी उघडेचना. बाईंनी नख लावून जोर केला आणि मी असा फटकन सुटलो, की त्यांचा अंगठा चिरला. बाई एवढेच म्हणाल्या, "तुझी चूक नाही रे. मीच तुझ्याकडं बघितलं नाही." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

गॅरेज चालवणारे त्यांचे दीर तिथेच होते. "वहिनी, द्या इकडं," म्हणत त्यांनी माझ्या सांध्यात बोटभर ग्रीस कोंबले आणि उरलेले पात्यावर चोपडले. मी लोण्यासारखा उघडू लागलो.

त्याच आठवड्यात शेजारच्या काकू आल्या. आयुष्यभर टपाल वाटून नुकत्याच निवृत्त झालेल्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी अंगणात लावलेले संत्र्याचे झाड बुंध्यात पोखरले होते. दोनच फांद्या हिरव्या उरल्या होत्या.

"झाड जाणार, हे कळतंय मला," काकू म्हणाल्या. "पण या चवीचं संत्रं पुन्हा मिळायचं नाही. काही करता येईल का गं?"

बाईंनी एक फांदी कापून आणली आणि मला फडक्याला पुसून दहा डोळे भरले. दहाही काळे पडले.

बाईंना जेवण जाईना. हात चुकला? हवा बिघडली? की काही वेगळेच? त्यांनी मला नीट पुसले आणि पांढऱ्या कागदावर दाबले. कागदावर काळपट, तेलकट ठसा! पुन्हा पुसले, पुन्हा ठसा. "म्हणजे एकेका डोळ्याच्या जखमेवर मी ग्रीस माखत होते की काय?" त्या पुटपुटल्या. दिरांनी मान खाली घातली.

मग घरात माझ्या तेलावरून सभाच भरली. सासरे घड्याळे दुरुस्त करणारे. ते म्हणाले, "सांध्याला पातळ तेल हवं. सुईच्या टोकावर बसेल एवढंच."

"त्यापेक्षा स्वयंपाकाचं लावा. पोटात गेलं तरी बाधत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"ते वाळून चिकट होतं. कढईच्या कडा बघ."

"कढई तुम्ही कधी घासलीत, ते सांगा आधी!"

बाई हसल्या. "भांडू नका. खिळ्यांनाच विचारू."

त्यांनी पाच खिळे पॉलिशपेपरने घासून चकचकीत केले. एक कोरा ठेवला. बाकीच्यांना ग्रीस, स्वयंपाकाचे तेल, घड्याळाचे तेल आणि औषधांच्या दुकानात मिळणारे, पोटात घ्यायचे पातळ पॅराफिन लावले. सगळे ओल्या फडक्यावर मांडले. रोज सकाळी अख्खे घर त्या फडक्यावर ओणवे. मीही कोपऱ्यातून डोकावत होतो. शेवटी प्रश्न माझ्याच अंगाचा होता.

आठव्या दिवशी कोरा खिळा तांबडालाल झाला होता. घड्याळाच्या तेलाचा खिळा जागोजागी ठिपकाळला होता. स्वयंपाकाच्या तेलाला चिकटा सुटला होता. पॅराफिनच्या खिळ्यावर एकच ठिपका होता. आणि ग्रीसवाला? आरशासारखा!

"बघा, वहिनी!" दीर उसळले.

"गंजाला ग्रीस भारी, मान्य," बाई म्हणाल्या. "पण ते माती धरतं, डोळ्याला लागतं, आणि त्या पात्यानं फळ कापता येत नाही. पॅराफिन रोज लावावं लागेल, एवढंच ना? लावीन."

दिरांनीच स्पिरिट आणि जुना दातांचा ब्रश घेऊन माझा सांधा धुतला. सासऱ्यांनी सुईने पॅराफिनचा एक थेंब सोडला आणि मला वीस वेळा उघडले, मिटले. पात्यावरचा गंज घासून काढला, वरून तेलाचा पातळ हात फिरवला. कामाआधी मात्र बाई मला स्पिरिटने पुसत, कागद कोरा निघेपर्यंत.

आता एकच फांदी उरली होती. बाईंनी बारा डोळे भरले. काकू रोज येऊन पट्ट्यांकडे बघत बसत. तीन आठवड्यांनी पहिली पट्टी सुटली. काळा. काकूंनी तोंड फिरवले.

"काकू, इकडं बघा."

दुसरा हिरवागार होता. बारापैकी सात जगले.  काकूंनी हळूच विचारले, "हात लावू?"

"मुळीच नाही!" बाई म्हणाल्या आणि दोघी डोळे पुसत हसल्या.

हे यश तेलाचेच, की हवामान या वेळी बरे होते? बाईंनाही नक्की सांगता येत नाही. म्हणून त्यांनी चार रानरोपे, म्हणजे डोळे भरायची साधी रोपे, बाजूला ठेवली आहेत; पुढच्या हंगामात दोनांवर ग्रीस माखलेल्या आणि दोनांवर पुसलेल्या पात्याने डोळे भरून ताडून बघायला.

तर मित्रांनो, तुमच्या घरी एखादे पाते कुरकुरत असेल, तर मोठ्या माणसांना सोबत घेऊन ते पुसा, कोरडे करा. तेल थोडेच लावा. पण कोणते तेल, हे ठरवण्याआधी त्या पात्याला उद्या काय कापायचे आहे, ते विचारा.