गुणवंतीनं काशीत काय सोडलं

शीव कोळीवाड्यातली मासळीवाली गुणवंती काशीला जाऊन आली आणि दादरच्या मासळी बाजारात शांतता पसरली. बाजाराच्या दृष्टीनं ही काही चांगली गोष्ट नव्हती.

गिरगावचे शामराव दरवर्षी यात्रेची मंडळी काशीला नेत. आचारी त्यांचा, तांदूळ त्यांचा, शिट्टीही त्यांचीच. ती वाजली की घाटावर उतरायचं, पुन्हा वाजली की मोक्ष आटोपून टांग्यात बसायचं. गंगेत बुडी मारताना आपली सगळ्यांत आवडती वस्तू तिथंच सोडायची आणि जन्मभर तिला शिवायचं नाही, असा रिवाज. मंडळी हुशार होती. गिरगावच्या कालिंदीबाईंनी कारलं सोडलं. ते त्यांनी कधी खाल्लंच नव्हतं. शामरावांना तर दरसाल काहीतरी सोडावं लागे. त्यांनी यंदा सुरण सोडला आणि पुढच्या वर्षीच्या काळजीत पडले.

"गुणवंतीबाई, तुम्ही मासळी सोडा," ते म्हणाले. "पुण्य भरघोस."

"मासळी माझा धंदा हाय, शामराव. आवड येगळी."

गुणवंती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून प्रामाणिकपणे विचार करू लागली. असं करणारी यात्रेतली ती पहिलीच. गिऱ्हाइकानं अर्धा भाव सांगावा, आपण त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा, त्यानं चार पावलं निघून जावं, आपण हाक मारावी. याहून गोड तिला जगात काही वाटत नव्हतं.

"घासाघीस सोडली," ती म्हणाली आणि बुडी मारली.

"अहो, खायची वस्तू सोडायची असते!" शामराव काठावरून ओरडले.

"मी लोकांचं डोकं खाते, असं आमचे हे म्हणतात. तेच धरा."

घाटावरच्या पंड्यानं, तिथल्या भटजीनं, थोडा विचार केला. मंत्र तोच म्हटला, दक्षिणाही तीच घेतली.

दादरला पहिल्याच सकाळी परळची सुभद्रा आली. ती आणि गुणवंती वर्षानुवर्षं रोज भांडत आणि घरी जाऊन चांगल्या जेवत.

"पापलेट कसं दिलंस गं?"

गुणवंतीनं भाव सांगितला.

"अर्ध्यात दे."

गुणवंतीनं पापलेटावर पाणी शिंपडलं. सुभद्राच्या माहेरापर्यंतचं सगळं तिच्या जिभेच्या टोकाशी येऊन थांबलं होतं.

"ताप आलाय का तुला?" सुभद्रानं घाबरून तिच्या कपाळाला हात लावला. मग शेजारच्या मंजुळाच्या पाटीवर जाऊन, मनसोक्त भांडून मासळी घेतली.

आठवडाभर हेच. पाटी भरलेलीच घरी यायची. उरलेलं खाऊन खाऊन नवरा हरेश्वर वैतागला.

"अगो, मोड ते व्रत. गंगेला कोण सांगाय जातंय?"

"गंगा कुठं जाते? दर्यात. दर्या कुठं येतो? आपल्या दारात. चुगली पोचाय किती येळ?"

हरेश्वरचा जन्म दर्यावर गेलेला. त्यानं उरलेलं पापलेट पुढं ओढलं.

दिवस महाराष्ट्र-गुजरात एकत्र बांधलेल्या द्वैभाषिकाचे होते. थोडं तुम्ही सोडा, थोडं आम्ही, अशा तडजोडी दिल्लीहून निघत होत्या आणि मुंबई काही महाराष्ट्राला मिळत नव्हती. लालबागचा गिरणी कामगार लहू संयुक्त महाराष्ट्र समितीचा मोर्चा घेऊन बाजारावरून चालला होता. नेमकी तेव्हा सुभद्रा शेवटचा प्रयत्न करत होती.

"हे बघ, थोडी तू खाली ये, थोडी मी वर येते."

"नाय," गुणवंती म्हणाली. "एकच भाव. पटला तर घे. नाय पटला तर मी इथं बसलेय. उद्या पण येईन, परवा पण."

लहू जागच्या जागी थांबला. मागचा मोर्चा त्याच्यावर आदळला.

"ऐकलंत? ही बाई दिल्लीला पाठवा रे!"

दुसऱ्या दिवसापासून गुणवंतीच्या पाटीपुढं रांग लागली. तिथं भाव पाडून मागणं म्हणजे मुंबई सोडणं, असं ठरलं. एक म्हातारा सवयीनं "थोडं कमी" एवढंच बोलला, तर रांगेनं त्याला समितीच्या कचेरीत नेऊन खुलासा द्यायला लावला. समितीच्या एका विरोधकानं चिडून मुद्दाम जास्त पैसे पुढं केले. गुणवंतीनं वरचे परत केले. वर जाणं हीसुद्धा घासाघीसच. टाळ्या पडल्या. मंजुळानंही शेजारी एकच भाव ठेवून पाहिला, दुप्पट. पण त्याला कुणी चळवळ म्हणेना.

आणि मग एका सकाळी सोबत्यांना घेऊन लहूच आला. कार्यकर्त्यांच्या जेवणाला मासळी हवी होती. तो हक्कानं पाटीशी बसला, आवाज खाली आणला.

"मावशी, समितीचं काम हाय. जरा सांभाळून घे."

रांगेनं माना पुढं काढल्या. गुणवंतीचा सख्खा भाऊ समितीच्या सत्याग्रहात तुरुंग भोगून आला होता. समितीला नाही कसं म्हणायचं? नाही म्हटलं, तर ही रांग उद्या असेल की नाही, कोण जाणे. आणि हो म्हटलं, तर गंगेला काय तोंड दाखवायचं?

"लहू," ती म्हणाली, "आपण काय कमी करणार नाय, असं तूच सांगत फिरतोस ना? मग पयलं तुलाच कमी कसं करू?"

लहूचा चेहरा लाल झाला. तो उठला. सदरा नीट केला.

"आख्खा भाव घे, मावशी!" तो म्हणाला, परळच्या भोईवाड्यात ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं. मग सोबत्यांकडे वळून छाती काढली. "बघितलंत? आपल्याला पण कमी नाय!"

सोबत्यांच्याही छात्या फुगल्या. आपल्याला कसं साफ नाकारलं, हे त्यांनी लालबागपर्यंत भेटेल त्याला थांबवून सांगितलं.

गुणवंतीनं पाठ ताठ केली आणि रांगेकडे पाहिलं.

"पुढं या. भाव म्हाईत हाय ना?"

रांगेनं एका सुरात तो सांगितला.