घरपोच सिस्टर

परदेश दौऱ्याहून मोठे डॉक्टर परतले ते हवेतच. "तिकडे नर्स रुग्णाच्या घरी जाते, म्हणून दवाखान्यात गर्दीच नसते!" दुसऱ्या दिवशी त्यांनी झाडून साऱ्या नर्स गावभर पिटाळल्या.

सिस्टरबाईंनी बॅग सावरत, धापा टाकत जिने चढून दम्याच्या आजोबांचं दार गाठलं, तर दाराला हे भलंमोठं कुलूप! शेजारीण म्हणाली, "आजोबा सकाळीच तुमच्या दवाखान्यात गेलेत. मघाशी फोन आला होता, तिथे म्हणे एकही नर्स नाही."

सिस्टरबाईंचं डोकंच फिरलं. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "अहो साहेब, आम्ही घरी येणार हे रुग्णांना कुणी सांगायचं? तिकडे कोण सांगतं?"

"ते विचारायचं राहिलंच," साहेब म्हणाले. "म्हणून तर पुढच्या महिन्यात पुन्हा जातोय. सहकुटुंब."