धम्मदीप ठिपका

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर धम्मदीप यांना आठवडाभर प्रत्येक बाळाच्या दृष्टिपटलाच्या फोटोत त्याच जागी काळा ठिपका दिसत होता. त्यांना आभाळ ठेंगणं झालं. नवा आजार, तोही पुण्यात सापडलेला, म्हणजे नाव देणं आलंच. त्यांनी स्वतःचंच दिलं.

मग हौसेनं त्यांनी आपलाही डोळा कॅमेऱ्यासमोर धरला, तर तिथंही ठिपका. त्यांनी भिंगावरून बोट फिरवलं. बोटाला काजळ लागलं.

"पुसलंत कशाला?" नातवाच्या काचपेटीपाशी बसलेल्या शालनआजी म्हणाल्या. "हे यंत्र दिवसभर लेकरांकडे टक लावून बघतं. त्याची नजर लागू नये म्हणून तीट लावली होती मी."

"अहो आजी, तीट बाळाला लावतात."

"बाळाला हात लावू देता का तुम्ही?"